तेलाच्या वाटीपासून कागदी फिल्टरपर्यंत

फिल्टर लावला की इंजिनाचा दम कोंडतो आणि काढला की ट्रॅक्टर जोरात ओढतो, हा समज अजून गेलेला नाही. ट्रॅक्टरचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते आणि ती सगळी धुळीच्या रानातूनच ओढली जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटात फ्रँक डोनाल्डसन यांनी 1915 साली ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला, तो धुळीने इंजिनं झिजत होती म्हणून. आपल्याकडे 1963 मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी काढली. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांत ऑइल बाथ असे. हवा मधल्या नळीने खाली येते, वाटीतल्या तेलावर आदळते आणि उलटी वळून तारेच्या जाळीतून वर जाते. जड कण तेलात बसतात. हवेचं तोंड बहुतेकदा बॉनेटच्या वर काढलेलं असे. तिथली हवा इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, म्हणून गार आणि दाट. शिवाय चाकांनी उडवलेली धूळही तिथे कमी. हवा आणि संरक्षण यांचा मेळ असा फिल्टरच्या आधीच, तोंडाच्या जागेवर घातला गेला होता.

मग ऑइल बाथ मागे का पडलं? जुनी इंजिनं त्यावरच वर्षानुवर्षं टिकली, हा आक्षेप खरा आहे. पण ती कमी ताकदीची, कमी हवा ओढणारी होती. तेलात कण पडतो तो हवेच्या वेगामुळे. रेस कमी झाली की पकडही सुटते आणि बारीक धूळ तर निसटतेच. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरला हे नीट दिसतं. इसापूर धरणाच्या कालव्यामुळे हा भाग केळी आणि हळदीचा, म्हणून डोळ्यांपुढे ओलं, हिरवं रान येतं. पण वाळलेल्या हळदीचं पॉलिश होतं ते कोरड्या दिवसांत. ट्रॅक्टरवर ड्रम फिरतो, गड्ड्यांची साल आणि माती पिवळ्या धुरळ्यासारखी उठते आणि एका जागी उभा असलेला ट्रॅक्टर तीच हवा तासन्‌तास ओढतो. इथे उंच तोंडाचा फायदा उरत नाही. अशा कामाला दुहेरी, म्हणजे एकात एक बसवलेला, कागदी फिल्टरच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

कागद चोंदतो, हवा अडते आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकतो, हेही खरंच. त्यावर रोज कंप्रेसरने हवा मारणं हा उपाय नव्हे. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवतो, आणि जोराच्या हवेने कागद फाटला तर ती चीर वरून दिसतही नाही. फिल्टर काढून चालवणाऱ्याला आजचं काम जोरात झाल्यासारखं वाटेल, पण लायनर आणि रिंगा झिजून पुढे इंजिन ऑइल खाऊ लागेल. हळदीचा ड्रम जोडण्याआधी फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा एकदा हाताने चाचपून बघा. तिथे फट असेल तर नवा फिल्टरही धूळ अडवू शकत नाही.