टाक्यांऐवजी डिंक, पण त्वचेला सोसेल का?

'बिब्बा उतला' हा शब्दप्रयोग मराठी माणसाला नवा नाही. काटा रुतला, टाचेला भेग पडली की बिब्ब्याचे तेल लावण्याचा प्रघात डहाणू-तलासरीसारख्या जंगलपट्टीत जुनाच. एखाद्याला मात्र त्याने पुरळ उठते, फोड येतात. १९४३ च्या सुमारास भारतातील अमेरिकी सैनिकांना धोब्याने कपड्यांवर केलेल्या बिब्ब्याच्या खुणांमुळेही असाच त्रास झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेवर लावल्या जाणाऱ्या डिंकाची ॲलर्जी याच प्रकारात मोडते.

हा डिंक म्हणजे सायनोॲक्रिलेट. कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांना तो १९४२ साली गवसला. त्वचेवर वापरण्याजोग्या ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. टाके काढावे लागत नाहीत, पाच ते दहा दिवसांत पापुद्रा आपोआप गळतो, ही त्याची सोय. बहुसंख्य रुग्णांना त्याचा काहीच त्रास होत नाही.

ज्यांना होतो त्यांच्या शरीरातील टी-पेशी या रसायनाला परके मानतात. ही ओळख पटायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्याच वापरात पुरळ बहुधा दुसऱ्या आठवड्यात उमटते, तर पूर्वी संपर्क आला असल्यास दोन-तीन दिवसांतच. कृत्रिम नखे वा पापण्या चिकटवण्याच्या डिंकातूनही हा पूर्वसंपर्क घडू शकतो.

खरी अडचण येथेच आहे. डहाणूचा रुग्ण मुंबई, वापी किंवा वलसाडला शस्त्रक्रिया करून घरी परततो, आणि त्यानंतर जखम लाल होते. 'जखम चिघळली' असे समजून प्रतिजैविके सुरू होतात. ॲलर्जीत खाज प्रमुख असते, लाली डिंक लागला तेवढ्याच भागात रेखीव दिसते, बारीक पाणीदार फोड येतात. ठणका, पू, ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे. घरातले निओमायसिन वा फ्रामायसेटिनचे मलम चोपडणे तर टाळावेच. या मलमांचीच ॲलर्जी अनेकांना असते. साध्या चिकटपट्टीतील राळही काहींना बाधते.

उपचार सोपा आहे. उरलेला डिंक डॉक्टरांकडून काढून घेणे आणि त्यांच्या सल्ल्याने स्टिरॉइड मलम, पुरळ पसरले असल्यास थोडे दिवस गोळ्या. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात: पाठीवर ४८ तास पट्टी ठेवून नंतर एकदा आणि पुन्हा दोन दिवसांनी त्वचा तपासतात. डिंक वापरला असल्यास त्याचे नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. पुढच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ 'कशाची ॲलर्जी?' असे विचारतात, तेव्हा औषधांबरोबर तेही सांगावे. आणि घरातला फेविक्विक जखमेवर लावू नये. तो याच कुळातला, पण त्वचेसाठी बनवलेला नव्हे.