आजीबाई आणि पंडिता

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तालुक्याच्या गावाहून कामासाठी आलेला माणूस त्या नावाकडे फारसे लक्ष देत नाही. पण नाव अर्थाचे आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी 1854 साली नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसवली आणि तिला शरणपूर म्हटले. म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. दुष्काळातली पोरकी मुले तिथे आली, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलेही तिथे वाढली. त्याच्याही आधी, 1832 साली, या मिशनचे काम नाशिकात सुरू झाले होते. त्या पहिल्या काळातले एक पाद्री म्हणजे फरार. त्यांचा मुलगा फ्रेडरिक मुंबईत जन्मला आणि पुढे इंग्लंडात मोठा धर्मोपदेशक झाला. त्याने 1877 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत व्याख्याने दिली आणि पाप्याला अनंतकाळ नरकयातना भोगाव्या लागतात या शिकवणीवर शंका घेतली. झाले! ही खोटी शिकवण आहे म्हणून केवढा गदारोळ उठला. नाशिकच्या पाद्र्याचा मुलगा, पण त्यालाही तो आरोप चुकला नाही.

हे सांगण्याचे कारण असे. खोटी शिकवण म्हटली की आपल्याला वाटते, कोणी परका येतो, भोळ्या माणसांना भुलवतो आणि निघून जातो. तसेही होते, नाही असे नाही. पण इतिहासात डोकावले तर दिसते की हा आरोप पुष्कळदा घरच्याच माणसाने घरच्याच माणसावर केलेला असतो, आणि तोही मायेपोटी. आज मी सांगणार आहे ती गोष्ट अशीच आहे. ती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचे पूर्वचरित्र आपल्या शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवावे असे म्हणणारा हा शास्त्री, आणि त्यापायी त्यांना रानात घर करावे लागले. पुढे सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत, पुराणे सांगत हिंडले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भाऊबहीण पायी चालत कलकत्त्यापर्यंत पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि 1882 मध्ये नवराही गेला. पदरी मनोरमा ही लहानगी. बाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये डॉक्टरी शिकायला इंग्लंडला निघाल्या.

उतरल्या त्या वाँटेज गावी, सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात. या जोगिणींचे एक ठाणे पुण्यात पंचहौदाला होते. (पंचहौद म्हटले की पुणेकरांना आधी तिथला चहा आठवतो आणि त्यावरून झालेले प्रायश्चित्ताचे रामायण आठवते. ते प्रकरण 1890 चे. तो विषय वेगळा.) मठात रमाबाईंची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे आली. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रातसुद्धा हाच मराठी शब्द. एवढ्यावरून दोघींचे नाते ध्यानात येईल.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या एका दिवसात नव्हे. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक सापडले होते. पुण्यात मराठी नवा करार वाचून झाला होता. इंग्लंडात आल्यावर लंडनमध्ये फुलहॅम येथे मार्ग चुकलेल्या स्त्रियांना हात देणारे जोगिणींचे घर त्यांनी पाहिले. अशा बाईला समाजाने टाकून न देता पोटाशी धरायचे, हे त्यांनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. याचे मूळ कशात आहे असे विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवण्यात आली.

मन वळले, पण बुद्धीचे प्रश्न उरले. ते सोडवायला मदत झाली नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांची. हे गोऱ्हेही विलक्षण गृहस्थ! काशीत वाढलेले चित्पावन पंडित. पाद्र्याचे खंडन करायला म्हणून गेले आणि स्वतःच विचारात पडले. 1848 साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. सहा दर्शनांवर त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा मोठा ग्रंथ हिंदीत लिहिला. रमाबाईंनी पुढे स्वच्छ लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती धर्माचे सत्य पटवण्यात गोऱ्ह्यांच्या पत्रांचा वाटा मोठा. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडेच आधी, बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी, आपल्याला जबरदस्तीने बाटवतील या भीतीने मन बिघडून, आत्मघात केला होता. ते दुःख उराशी असतानाच बाईंनी हे पाऊल टाकले. त्यात सुखाचा मोह होता असे कोणी म्हणू नये.

आता खरा वाद सुरू होतो.

बहिरेपणामुळे डॉक्टरी शिकणे जमणार नव्हते. म्हणून रमाबाई चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील. सिस्टर जेराल्डिन वाँटेजला. दोघींना रमाबाईंची पत्रे जाऊ लागली, आणि त्या पत्रांनी आजीबाईंची झोप उडवली. रमाबाई म्हणत, देव एकच हे मी मानते, ख्रिस्त तारणारा हे मानते. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचे एकत्व तुम्ही ज्या शब्दांत सांगता, ते शब्द पवित्र शास्त्रात मला दाखवा. अथनासियसच्या नावाने चालणारा मतांगिकार आहे. जो हे मानणार नाही त्याचा नाश होईल असे तो सांगतो. रमाबाई म्हणत, हे मी कशाच्या आधारावर म्हणू? ख्रिस्ताच्या अद्भुत जन्माबद्दलही त्यांच्या शंका होत्या. सिस्टर जेराल्डिनना धडकी भरली. ही तर जुनी पाखंडी मते, हिला कोणी फूस लावली? कलकत्त्यातल्या ब्राह्म लोकांचे मत मनात राहिले की काय?

शंका एवढ्यावर थांबल्या नाहीत. मठातून एक क्रूस मिळाला, त्यावर लॅटिन अक्षरे. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही. देवाची कृपा काय लॅटिनमध्येच अधिक असते? घालायचाच तर संस्कृत अक्षरांचा घालीन. त्या मांस खात नसत, अंडीही नाहीत. आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसे, रमाबाईंना दिसत नसे. चेल्टनमला त्यांनी तरुण पुरुषांना देशी भाषा शिकवाव्यात असे निघाले, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांकडून हरकत आली, की यामुळे हिंदुस्थानात तिची पत राहणार नाही. ज्या बाईने भर सभांत शास्त्र्यांशी वाद केला, तिला हे सांगणे! त्या भडकल्याच. त्यांच्या उत्तराचा सारांश असा की मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांचे जोखड मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मी आपण होऊन घेणार नाही.

दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत, नाहीतर आपण उगीच एकीला नायिका आणि दुसरीला खाष्ट सासू करून टाकू. आजीबाईंचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. अठराशे वर्षे असंख्य माणसांनी प्राण पणाला लावून जे जपले, ते दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीने एका पत्राने बाजूला सारावे काय? एकटा माणूस एकट्या पुस्तकाशी बसला की त्याला हवे तेच दिसते, हा धोका खराच आहे. आपल्याकडे याला शब्द आहे संप्रदाय. वारकरी माळ घालतो ती कोणाच्या तरी हातून घालतो, स्वतःच दुकानातून आणून नव्हे. गोऱ्हेशास्त्रीही याच मताला आले होते. त्यांच्या मनात शंका पुन्हा पुन्हा उठत; जन्मभर उठत राहिल्या. त्यांवर त्यांनी आधार शोधला तो प्राचीन मंडळीच्या एकमताचा. म्हणूनच ते चर्च मिशनरी सोसायटी सोडून जुन्या परंपरेला मानणाऱ्या पंथाकडे गेले आणि काऊलीच्या पाद्र्यांबरोबर राहिले. तिथेही त्यांनी अंतिम व्रते घेतली नाहीत, इतका तो माणूस स्वतःशी कठोर.

आणि रमाबाई? शास्त्र्याची मुलगी. शब्दप्रामाण्य म्हणजे काय ते आईच्या मांडीवर शिकलेली. प्रमाण म्हणजे मूळ ग्रंथ. टीकाकार कितीही थोर असला तरी तो टीकाकारच. हिंदू शास्त्रे वाचताना त्यांनी हीच कसोटी लावली होती आणि ग्रंथाग्रंथांत मेळ नाही म्हणून त्या दुखावल्या होत्या. आता नव्या घरी येऊन ती कसोटी खाली ठेवायची? मला विचाराल तर त्यांचा आडमुठेपणा कधीकधी जास्तच होता. आजीबाईंना लिहिलेली काही वाक्ये बोचणारी आहेत. पण जे स्वतःला पटले नाही ते मनोरमेला शिकवू देणार नाही, असे त्यांनी सांगितले त्यात मला खोट दिसत नाही. न पटलेले पटले म्हणणे हीही खोटी शिकवणच की.

या सगळ्यात शहाणपणा दाखवला तो मिस बील यांनी. त्यांना स्वतःला श्रद्धेच्या बाबतीत काळ्या रात्री काढाव्या लागल्या होत्या. त्यांनी रमाबाईंना लांबच लांब पत्रे लिहिली, एकेक मुद्दा घेऊन, न रागावता. सिस्टर जेराल्डिननाही कळवले की हिला हुकमाने चालवता येणार नाही. वेळ द्यावा लागेल. शिक्षकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. शंका विचारणारे पोर वर्गात एखादेच असते.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार, त्या समारंभाला म्हणून रमाबाई अमेरिकेला गेल्या. वाद मिटला नाही, समुद्र मध्ये आला एवढेच. 1889 मध्ये मुंबईला शारदासदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. मुलींना बाटवतात म्हणून 1893 मध्ये पुण्यात वादळ झाले तेही सर्वश्रुत आहे. म्हणजे एकीकडे इंग्लंडात त्या पुरत्या ख्रिस्ती नाहीत अशी तक्रार आणि दुसरीकडे पुण्यात त्या नको तितक्या ख्रिस्ती आहेत अशी तक्रार!

त्यांनी नंतर 1907 साली आपली साक्ष लिहिली. त्यात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला 1891 च्या सुमारास. ज्या शंकांवरून एवढी पत्रापत्री झाली, त्यांतल्या बहुतेक पुढे आपोआप मावळल्या. बिशपांच्या दडपणाने मात्र नव्हे.

1905 मध्ये केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये मोठे धर्मजागरण झाले. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. पुन्हा टीका सुरू झाली की हे ख्रिस्ती नव्हेच, हा वेडाचार आहे. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही, आणि असे बोलता आले तरच आत्मा मिळाला असा नियमही काढला नाही. ज्या बाईला कधीकाळी कोणी वेळ दिला होता, ती आता इतरांना वेळ देत होती.

आणि मूळ ग्रंथाचा हट्ट? तो त्यांनी सोडला नाही. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. पंडितांना कळेल असे नव्हे, तर केडगावच्या दुष्काळातून आलेल्या अडाणी मुलीला कळेल असे. छापखाना मुक्तीचा, खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीच्या. 1921 मध्ये मनोरमा गेली तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. मुद्रिते तपासून झाली होती. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

एक गोष्ट सांगायची राहिली. इंग्लंडातली ती सारी पत्रे आज आपण वाचू शकतो ती कोणामुळे? सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. रमाबाईंची पत्रे, स्वतःची पत्रे, मिस बील यांची, बिशपांची, असे सगळे त्यांनी जपले, क्रमाने लावले आणि जागोजाग आपली टिपणे जोडली. ज्या पत्रांत त्यांना चार शब्द सुनावलेले आहेत, तीही त्यांनी फाडली नाहीत. ते बाड 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापले. पुस्तक इंग्रजीत आहे. पण पान उघडले की पत्राच्या माथ्यावर ‘आजीबाई’ भेटतात.