खेळातला घाट आणि खरा घाट



इतिहास म्हटला की लढाया आणि तहनामे आठवतात. आज मात्र मी तुम्हांला एका खेळाच्या पटावरून इतिहासाकडे नेणार आहे.

१९७०च्या दशकात डेव्हिड वॉट्स यांनी ब्रिटनमध्ये 'रेल्वे रायव्हल्स' हा खेळ रचला. नकाशावर ज्याने त्याने आपल्या रंगाने लोहमार्ग आखायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. त्याच्या जर्मन आवृत्तीला १९८४ साली त्या देशातला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. पुढे अमेरिकेत डार्विन ब्रॉमली आणि बिल फॉसेट यांचा 'एम्पायर बिल्डर' निघाला. त्यात पुसता येणाऱ्या रंगखडूने ठिपके जोडायचे. सपाटीच्या ठिपक्याला एक दशलक्ष, डोंगराच्या ठिपक्याला दोन, उत्तुंग पर्वताला पाच. नदीवरच्या पुलाचा खर्च निराळा. मग जिथे माल पिकतो तिथून उचलून जिथे मागणी आहे तिथे पोचवायचा आणि मिळालेल्या पैशातून मार्ग वाढवायचा. याच मालिकेत १९९९ साली 'इंडिया रेल्स' आला आणि आपला देश पटावर मांडला गेला.

या खेळाचा न्याय साधा आहे: मार्ग चुकीचा आखला, तर बुडतो तो आखणारा. आमच्या देशात मात्र न्याय उलटा होता. १८४९च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली. उत्पन्न कमी पडले, तर तूट भरायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून! भागधारक इंग्लंडात निर्धास्त. करभार येथल्या रयतेवर. काटकसर करावी कोणी आणि कशासाठी?

दख्खनचा कापूस मुंबई बंदरात उतरवायचा, तर बोरघाट ओलांडणे भाग होते. १८५६ साली काम सुरू झाले, १८६३ साली घाट खुला झाला. पंचवीस बोगदे खोदले गेले. सदतीस फुटांमागे एक फूट असा काही ठिकाणी चढ. मधल्या वर्षांत पटकीने आणि अपघातांनी कितीतरी मजूर त्या डोंगरात कायमचे राहिले.

पटावर डोंगराची किंमत दोन दशलक्ष, आणि रेघ चुकली तर फडक्याने पुसता येते. बोरघाटाची रेघ माणसांनी आखली आणि माणसांनीच तिची किंमत मोजली. खेळ अवश्य खेळा. पण खडू डोंगरावर टेकवाल, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारा: हे पैसे खरोखर कोणाचे, आणि हे हात कोणाचे?