तारामती झालेली बाई

मैत्रिणींनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात १२ जानेवारीला शाळाशाळांत मुली जिजाऊ होतात. नऊवारी नेसवायला आई हौसेने पुढे असते. पण बाईने वेश करून लोकांपुढे उभं राहणं पूर्वी घराण्याला बट्टा मानलं जाई. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके, एक पुरुष!

१९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात आणली. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, सुखवस्तू घरातली लेक, दोन मुलांची आई. सासरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून कामाला निघालेली. आधीच्या चित्रपटावरून लोकांनी नावं ठेवली होती, तरी त्या मागे फिरल्या नाहीत.

पुढे ‘अमरज्योती’त (१९३६) मुलाचा ताबा नाकारल्यावर चाच्यांची पुढारी झालेली सौदामिनी, ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) जोधाबाई. पडद्यावरच्या या राण्यांनी दुर्गाबाईंचं घर चालवलं, आणि चांगल्या घरच्या मुलींसाठी हे दार उघडलं. ज्या फाळक्यांना तारामती सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा १९८३चा पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. लेकीला जिजाऊंची नऊवारी नेसवताना ही गोष्टही तिला सांगूया.