सर्पगंधा व रक्तदाब-नियमनाचे संशोधन

सर्पगंधा (राउवोल्फिया सर्पेंटिना) या वनस्पतीची मुळे उन्माद, निद्रानाश इ. विकारांवर भारतात पूर्वापार वापरली जात आहेत. त्यांच्यामुळे रक्तदाब का उतरतो, याचा शोध घेताना हृदय व रक्तवाहिन्या यांवरील तंत्रिका-नियंत्रणाचे स्वरूप अधिक स्पष्ट झाले.

रक्तदाब वाढला की, ग्रीवा रोहिणी व महारोहिणी यांच्या भित्तींतील दाबग्राही तंत्रिकाग्रे ताणली जातात व लंबमज्जेकडे संदेश पाठवितात. त्यामुळे अनुकंपी तंत्रिकांची क्रिया मंदावून हृदयाची गती कमी होते व सूक्ष्म रोहिण्या रुंदावतात. अनुकंपी तंत्रिकांचा हृदयावरील परिणाम मुख्यतः नॉरॲड्रेनॅलीन या द्रव्यामुळे घडतो.

इतिहास : गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण नोंदविला. रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९३३ मध्ये कलकत्ता येथे तिच्या अल्कलॉइडाचा हाच परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविला. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले, ते मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर. या कार्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. दरम्यान १९५२ मध्ये बाझेल (स्वित्झर्लंड) येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळांतून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले.

क्रिया : रेसर्पीन दिलेल्या सशांच्या हृदयातील नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा जवळजवळ नाहीसा होतो, असे स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन व त्यांचे सहकारी यांना १९५६ च्या सुमारास आढळले. बर्न व रँड यांनी १९५८ मध्ये दाखविले की, अशा प्राण्यांत टायरामिनाने रक्तदाब वाढत नाही. मात्र नॉरॲड्रेनॅलीन टोचल्यास तो वाढतो. म्हणजे रक्तवाहिन्यांची आकुंचनक्षमता शाबूत असते. रिकामा झालेला असतो तो तंत्रिकाग्रांतील साठा. रेसर्पीन हे नॉरॲड्रेनॅलिनाला तंत्रिकाग्रांतील सूक्ष्म पुटिकांत शिरू देत नाही व बाहेर राहिलेल्या द्रव्याचा एंझाइमाद्वारे नाश होतो, असे पुढे स्पष्ट झाले.

मर्यादा : मोठ्या मात्रेत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषण्णता आढळली. बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या रक्तदाबाच्या आलेखात हा धोका दिसणे शक्य नव्हते. तो रुग्णांच्या निरीक्षणातूनच कळला. अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाल्यावर रेसर्पिनाचा वापर कमी झाला. प्राण्यांना होणाऱ्या यातनांचा प्रश्नही या संशोधनाशी निगडित आहे. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याची तरतूद केली.