ओव्या घरात राहिल्या त्या अशा



"मुलांना वाचून दाखवायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न आम्हां धर्मशिक्षकांना मिस्सानंतर बहुतेक दर रविवारी ऐकू येतो. म्हणून आज फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची हकीकत सांगतो.

स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय. १५७९ साली ते गोव्यात उतरले आणि साष्टीत राहून इथल्या भाषा शिकले. पुराणाच्या आरंभीच त्यांनी एक प्रसंग घातला आहे. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणे चालू होते. तेव्हा एक नवख्रिस्ती गृहस्थ पुढे येऊन म्हणाला, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न रोखठोक आहे, आणि आम्हांला तो फार जवळचा वाटतो. मुलांच्या प्रार्थना पाठ झाल्या म्हणजे सारे झाले, असे त्या माणसाने मानले नाही. त्याला ऐकायला कथा हवी होती.

१६१६ साली रायतूरला (आजचे राशोल) हे पुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण छापखान्यात नागरी खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्यानंतर थेट १९०७ पर्यंत पुराणाला छापखाना दिसला नाही. अडीचशे वर्षे! त्या पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ओव्या वाचल्या कशा? लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांत अशी हस्तलिखिते होती, तिथे ती सणावारी मोठ्याने वाचली जात. जोसेफ साल्ढाणा यांनी तीच जुळवून १९०७ ची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी नागरीत आणली.

आपल्या बेळगावकडच्या बऱ्याच मुलांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. शाळा इंग्रजी नाहीतर कन्नड. पण पुराण हे मुळात ऐकण्यासाठीच असते. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी बसायचे. ओवी चार चरणांची, दहा ओव्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. आदाम-एवेची कथा किंवा नोहाचे तारू घ्या. जुने शब्द अडतील. मूल अर्थ विचारील आणि तुम्हांलाही तो ठाऊक नसेल, तर आजीला विचारा. पुष्कळदा तिला ठाऊक असतो.

नागरी प्रत धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या कपाटात आहे. पुढच्या रविवारी मागून न्या. पाने जरा सुटली आहेत, तेवढी सांभाळा.