निसर्ग वादळ आणि मुंबई महानगरपालिका

खानदेशांतील अमळनेर समुद्रापासून दूर, बोरी नदीच्या कांठीं वसलेलें. तरीहि ३ जून २०२० रोजीं कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलेलें 'निसर्ग' चक्रीवादळ ओसरत ओसरत उत्तर महाराष्ट्रावरूनच पुढें गेलें. त्या वादळानें खरी कसोटी पाहिली ती मात्र मुंबईच्या महानगरपालिकेची.

त्या समयीं मुंबईंत कोरोनाची सांथ ऐन भरांत होती. सांथीचा दंडक असा कीं, माणसांनीं परस्परांपासून दूर रहावें. वादळाचा हुकूम असा कीं, किनाऱ्यावरील झोपड्या सोडून एका छपराखालीं जमावें. दोन्ही आज्ञा एकाच दिवशीं पाळावयाच्या होत्या. पालिकेनें किनाऱ्यालगतच्या हजारों रहिवाशांस सुरक्षित जागीं नेऊन शाळांतून आसरा दिला. वांद्रें-कुर्ला संकुलाच्या मैदानांत उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयांतील सुमारें १५० रुग्ण वादळ येण्यापूर्वींच वरळीस हलविले. पोलिसांनीं समुद्रकांठीं फिरण्यास मनाई केली. वांद्रें-वरळी सागरी सेतु बंद झाला.

दुपारीं वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला भिडलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत घरांचीं छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबई मात्र मोठ्या घातांतून बचावली.

मग पालिकेची धांवपळ व्यर्थ गेली काय? तसें म्हणतां येत नाहीं. वादळाची नेमकी वाट शेवटच्या घटकेपर्यंत बदलूं शकते. आणि ज्या नगरीचे रुग्ण मांडवाखालीं निजलेले आहेत, तिला तोंवर थांबून राहण्याची सवड नसते.